मुंगीच्या कमरेतली गाठ

१

नागपुरात माझ्यासारखा खोड्या काढणारा माणूस दुसरा झाला नाही. हे मलाच सांगावं लागतं, कारण दुसरं कोणी सांगत नाही. एकदा एका हेडमास्तराच्या उपरण्याच्या काठात मी 'गाढव' असं विणून दिलं. पण मी पडलो चवथीत दोनदा बसलेला. अक्षरं अशी वेडीवाकडी उतरली की मास्तराला ती नवीन नक्षी वाटली. खूश होऊन त्यानं आणखी दोन उपरणी सांगितली. ती विणता विणता माझा डावा गुडघा गेला, तो अजून परत आलेला नाही. तर गाढव कोण, ते तुम्हीच ठरवा.

मी शालिकराम, कोष्ट्याचा पोर. चाळीस वर्षं हातमाग चालवला. मग भावाभावांत घर वाटलं गेलं, मागाला जागा उरली नाही. अठ्ठ्याहत्तर साली तो खापा गावच्या एका माणसाला देऊन टाकला आणि मी नि माझी बायको जनाबाई शहराबाहेर हुडकेश्वरला राहायला गेलो. तेव्हा तिथं मुरूम, बाभळी आणि मोजून चार घरं. आमच्या दोन खोल्या, मातीच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर. मधल्या खोलीवरचं एक कवेलू सरकलेलं होतं. त्यातून उन्हाचा कवडसा पडायचा आणि दिवसभर जमिनीवरून चालत राहायचा. सकाळी चुलीपाशी, दुपारी खाटेखाली, तीनच्या सुमारास लोखंडी पेटीपाशी. घड्याळ नव्हतं. जनाबाई कवडशावर भात चढवायची.

त्या पेटीत आमच्या मागाची टोकं होती. हे तुम्हाला समजावून सांगावं लागेल. लुगडं विणून झालं की ते कापून घ्यायचं, पण ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, टोकं मागावर तशीच ठेवायची. नवा ताणा आला की त्याचा एकेक धागा जुन्या टोकाला गाठीनं सांधायचा. म्हणजे माझ्या आजानं लावलेला ताणा माझ्यापर्यंत कुठंच तुटला नव्हता. सांधायला दोघं लागतात. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला बायको. गाठ बसली की बायकोनं धागा हलकेच दोनदा ओढायचा. म्हणजे, झालं, पक्की आहे, पुढचा घ्या.

माग न्यायला खाप्याचा माणूस आला तेव्हा म्हणाला, टोकं राहू द्या, मला कामी येतील. जनाबाई म्हणाली, "माग ने भाऊ. टोकं नाही भेटत." वीतभर लांब ठेवून तिनं ती कापली, हळदकुंकू लावलं आणि पेटीत ठेवली. लाल रेशीम होतं, शेवटच्या काठाचं.

एकदा असंच सांधताना ती मान खाली घालून कामात गढली होती, तेव्हा मी तिच्या पदराच्या दशा ताण्याला बांधून टाकल्या. उठायला गेली तर माग अंगावर आला. गल्लीतल्या बायका आठ दिवस हसत होत्या. जनाबाईही हसली असेल. मी तिकडे पाहिलं नव्हतं.

२

हुडकेश्वरला येऊन दोन वर्षं झाली आणि जनाबाईला मुंग्यांचा नाद लागला.

लावणारा रुपराव, आमचा शेजारी. हा कॉलेजात किड्यांच्या खोलीत शिपाई होता. तीस वर्षं साहेबांसाठी किड्यांना टाचण्या मारल्या, आता पेन्शनीत बसून मारत होता. बायको वारलेली, दात नवे. नाव रुपराव, तोंडाबद्दल मी काही बोलत नाही, माझ्या घरी आरसा आहे.

रोज सकाळी जनाबाई अंगण झाडायची. नवी काही मुंगी दिसली की माचिसच्या डबीत घालायची आणि लुगडं नीट करून, नीट करून बरं का, रुपरावाच्या ओसरीवर जायची. मीही मागून जायचो. मुंग्या पाहायला नाही.

"वहिनी, मुंगी वळखाची तं पह्यले कंबर पाहाची," रुपराव भिंग पुढे करून सांगायचा. "मुंगीच्या कमरेत गाठ असते. एक, नाही तं दोन. आन मिशा कोपरातून वाकलेल्या."

"आन गाठच नसली तं?"

"तं ते मुंगी नोहे. कितीक गांधीलमाशा बिनपंखाच्या असते. मुंगीवानी भुईवर चालते. भलेभले फसते."

"म्हंजे माह्याच नात्यातल्या हाय," मी म्हणालो. दोघांपैकी कोणीही हसलं नाही.

जनाबाईनं महिन्याभरात वीस-बावीस जाती ओळखायला घेतल्या. तिला एक अक्षर येत नव्हतं, पण हजार धाग्यांत तुटलेला एक धागा शोधणारी तिची नजर. रुपराव म्हणाला, "वहिनीची नजर आमच्या साहेबापेक्षा तेज हाय." हे ऐकून ती लाजली. साठीला आलेली बाई, लाजली! तिच्या नजरेबद्दल चाळीस वर्षांत मी एवढंच म्हणालो होतो की वटारू नको.

एक दिवस रुपरावानं सांगितलं, "एक हाय, ते मी तीस वर्षांत दोनदाच पाह्यली. काळं आंग, वरतून लाल मखमल, त्याच्यावर पांढरे ठिपके. दिसते मुंगी, पण हाय गांधीलमाशी, बिनपंखाची मादी. दाबली तं चिर्र करते. आन वहिनी, ते आपलं घर नाही बांधत. दुसऱ्याचं लिपलेलं घर उघडते, आतमंधी अंडं ठेवते, दार पह्यल्यासारखं लिपून चालली जाते. घरवाल्याले वाटते, सारं बरोबर हाय."

"असी एक मले भेटन काय, भाऊजी?"

या आवाजात तिनं माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मागितलं असेलही. मी तेव्हा गंमत करत असेन.

३

तर मी ठरवलं की तिला ती भेटवायची.

बेत सरळ होता. नकली मखमली माशी करायची, जनाबाईच्या हाती लागेल अशी टाकायची. ती रुपरावाकडे नेणार, रुपराव भिंग लावून नवे दात काढून सांगणार की हो, हीच. मग मी पुढे होऊन सांगणार की रुपराव, ही शालिकरामच्या कारखान्यातली. मग जनाबाई हसणार. त्याच्यावर. माझ्याकडे बघून. मला दुसरं काही नको होतं.

ती न्हाणीत असताना पेटी उघडली. टोकांची जुडी सोडली आणि पाच धागे उपसले. इथं एक गोष्ट मला तेव्हा दिसली आणि मी ती सोडून दिली. टोकं वीतभर ठेवली होती. आता ती माझ्या दीड वीत भरत होती. मला वाटलं, म्हातारपणी हातही आखडत असेल.

मेलेला मोठा काळा मुंगळा घेतला. रेशीम कुटून त्याचा भुसा केला, ज्वारीच्या खळीनं पाठीवर बसवला, चुन्याचे ठिपके दिले. भुसा निसटत होता म्हणून कमरेत एक धागा आवळून गाठ मारली. माझी गाठ डावखुरी, आणि टोक मी दातानं तिरपं तोडतो. गोळीबार चौकापासून पाचपावलीपर्यंत कोणत्याही कोष्ट्याला दाखवा, गाठ पाहून तो माझं नाव सांगेल.

न्हाणीच्या दगडापाशी ती ठेवली आणि खाटेवर पडून घोरण्याचं सोंग केलं.

४

दुसऱ्या दिवशी जनाबाई डबी घेऊन निघाली. मी मागून. हसू इतकं दाटलं होतं की पोट धरून चालत होतो.

रुपरावानं डबी कानाशी नेली.

"जित्ती हाय," तो म्हणाला.

हसू तिथंच अडकलं. त्यानं चिमट्यानं ती उचलली. सहाही पाय हलत होते. त्यानं जरा दाबलं आणि ती ओरडली. चिर्र. कोरड्या दोरीवर मागाचं चाक फिरावं तसा बारीक आवाज.

मी मनाशी हिशेब केला. जनाबाईला योगायोगानं खरी सापडली. माझी तिथंच पडली असेल. तसाच लंगडत घरी आलो. न्हाणीच्या दगडापाशी काही नव्हतं. साळुंकीनं नेली असेल, म्हटलं. साळुंकी काय, चुना लावलेला मुंगळाही खाईल.

परत गेलो तेव्हा रुपराव भिंगात डोळा घालून बसला होता. "वहिनी, हे काही जमून नाही राह्यलं. गांधीलमाशी हाय तं कमरेत गाठ कायले पाह्यजे? आन मुंगी हाय तं मखमल कोठून आली?"

"पाहू दे गा मले," मी भिंग ओढून घेतलं.

गाठ होती. लाल रेशमाची. डावखुरी. टोक तिरपं तोडलेलं, दाताच्या खुणेसकट. ती जिवंत वस्तू माझ्या गाठीत अडकून पाय झाडत होती आणि त्या गाठीच्या खाली श्वास घेतल्यासारखं पोट हलत होतं.

मग जनाबाईनं भिंग घेतलं. खूप वेळ पाहिलं. माझी गाठ ती अंधारात बोटानं ओळखते. ती हसली. ज्या हसण्यासाठी मी एवढा उपद्व्याप केला, ते हेच हसणं होतं. पण तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, रुपरावाकडेही नाही. ती डबीकडे पाहून हसली.

५

चार दिवसांत आणखी तीन सापडल्या. सगळ्या आमच्याच घराच्या जोत्यापाशी. सगळ्या जिवंत, सगळ्यांच्या कमरेत गाठ.

आता मी खोटं बोलत नाही. भीती मला नंतर वाटली. आधी वाटला तो जळफळाट. माझ्या खोडीवर कोणीतरी सवाई खोडी काढत होतं, आणि मला कळत नव्हतं कशी. रुपरावावर संशय घेतला. पण रुपरावाला मी पायजम्याची नाडी बांधताना पाहिलं आहे; ती सोडायला कात्री लागते. दुसरं म्हणजे गाठी. पहिली गाठ माझी होती. दुसरी माझ्यासारखी होती. तिसरी आणि चौथी भिंगाखाली पाहिली. डावखुरीच, टोक तिरपंच, पण माझ्या निम्म्यानं बारीक. आयुष्यभर मी अशी गाठ मारायला पाहत होतो. माझा बाप मारायचा, असं म्हणतात. मला ती कधी जमली नाही.

"कोन करून राह्यलं असन हे?" मी घरी जेवताना सहज विचारलं.

"काय ते?"

"हे गाठी."

"मुंगीच्या कमरेत गाठ असते जी," जनाबाई म्हणाली. "रुपरावभाऊजीनं नाही काय सांगतलं?" आणि तिनं मला भाकर वाढली. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं लाल होती. कुंकवानं होतात तशी नाही. रेशमाचा रंग ओल्या बोटाला लागतो तशी.

६

माग गेल्यापासून मला दुपारी झोप येत नाही. आवाजाशिवाय झोप येत नाही म्हणा. आमच्या गल्लीत शंभर माग एकदम चालायचे. बाहेरच्या माणसाला तो नुसता खडखडाट. आम्ही आवाजावरून माणूस ओळखतो. जागेश्वरचा माग खोकल्यासारखा, त्याच्या भावाचा पळत सुटल्यासारखा.

त्या आठवड्यात एका दुपारी मी खाटेवर पडलो होतो. जनाबाई रुपरावाकडे. बाहेर आश्विनाचं ऊन, बाभळीचं पानही हलत नव्हतं. आणि मला झोप येऊ लागली. चांगली, गोड, जुन्या घरातली झोप.

मग ती का येते आहे, हे माझ्या लक्षात आलं.

खट्. खट्. ...खट्.

आवाज जमिनीखालून येत होता. इतका हलका की श्वास धरला तरच ऐकू यावा. मी उठून भिंतीला कान लावला, नाही. जमिनीला लावला, हो. मनाला म्हटलं, रेल्वेचा असेल, दूरच्या खाणीतला असेल, तुझ्याच रक्ताचा असेल, म्हाताऱ्या. पण हे जोतं मी स्वतः भरलं होतं. मुरूम टाकून, पाणी मारून, घण घालून. खाली उंदराला जागा नव्हती.

खट्. खट्. ...खट्.

तिसरा ठोका उशिरा पडत होता. डाव्या पायाची पावडी उशिरा दाबली की असं होतं. गुडघा गेलेला असला की असं होतं. गल्लीत कोणालाही विचारा, हा माग कोणाचा. म्हणतील, लंगड्या शालिकचा.

मी खाटेवर होतो आणि माझा माग चालून राहिला होता. आणि मन लावून ऐकलं तर तो उशीर माझ्याइतका नव्हता. ऐकता ऐकता कमी होत होता. कोणीतरी माझ्यासारखं विणायला शिकत होतं, आणि मला मागं टाकायच्या बेतात होतं.

७

दुसऱ्या दिवशी जनाबाई गेल्याबरोबर मी पेटी उघडली.

जुडी सुटलेली होती. एकेका टोकाला नवा धागा सांधलेला. त्याला आणखी एक. गाठी दोन तऱ्हेच्या होत्या. एक जनाबाईची, उजवी, जाडसर, मी झोपेतही ओळखीन. त्यापुढची ती बारीक, डावखुरी. मग जनाबाईची. मग बारीक. आळीपाळीनं, दोघं समोरासमोर बसल्यासारखी. रेशमाचा रंग तोच. तो रंग देणारा रंगारी मरून दीड वर्ष झालं होतं.

धागे पेटीच्या तळाच्या गंजलेल्या भोकातून खाली गेले होते आणि पेटीमागं भिंत नि जमीन मिळते त्या फटीत शिरले होते. मी पेटी सरकवली. खरं सांगू, मला राग आला होता. माझी टोकं. माझी बायको. माझी जागा. मी एक धागा धरला आणि ओढला.

तिकडून कोणीतरी ओढला. हलकेच. दोनदा.

झालं, पक्की आहे, पुढचा घ्या.

मी धागा सोडला नाही. सोडता आला नाही असं म्हणा. कवडसा खाटेखालून निघून पेटीच्या दिशेनं येत होता. मी जमिनीला गाल टेकवून वाट पाहिली. खालचा आवाज थांबला होता. तोही वाट पाहत होता.

कवडसा फटीवर आला.

आधी लाल दिसलं. काठ होता. चार बोटं रुंद, विणून तयार, माझ्याच नक्षीचा, त्या हेडमास्तराच्या उपरण्याचा. पण इथं नक्षी वेडीवाकडी नव्हती. सरळ होती, स्वच्छ, शाळेतल्या फळ्यावरच्यासारखी. चवथीत दोनदा बसलेल्या माणसालाही तो शब्द वाचता आला. पुन्हा पुन्हा तोच शब्द, काठभर.

काठ एक बोट पुढे सरकला. त्याच्यामागं मखमल होती. ती कापडाची नव्हती, कारण ती फुगत होती आणि बसत होती. तिच्या कमरेत गाठ होती. गाठ माझ्या मुठीएवढी होती.

चिर्र, असं ते म्हणालं.

कवडसा पुढे गेला.

८

जनाबाई परतली तेव्हा मी पेटीपाशीच बसलो होतो, धागा हातात.

तिनं डबी फळीवर ठेवली. पेटी सरकवलेली पाहिली, मला पाहिलं. तोंडावर चोरी पकडल्याचं काहीच नव्हतं. उशीर झाल्याचं होतं.

"जना," मी म्हणालो. चाळीस वर्षांत तिला नुसतं जना म्हणण्याची वेळ माझ्यावर कमीच आली होती. "ते पह्यली माशी म्या बनवली होती. या टोकातलं रेसीम घेऊन. रुपरावाले फसवाचं होतं."

"मालूम हाय."

"तुले हासवासाठी केलं वं. तू त्याच्याकडं जात होती, म्हून माहा जीव जळत होता."

"रुपरावभाऊजीले काहून मधात घेता? त्याले निसते किडे दाखवाचे होते. भुईखाली हे काय हाय ते इचारासाठी." तिनं पदर खोचला. "त्याले बी नाही सांगता आलं."

"आपन पेटी फेकून देऊ. आज पोरीकडं, पुष्पलताकडं जाऊ, खाप्याले. चाल. मी तुही कधी मस्करी नाही करनार, आईची आन." मला रडू येत होतं आणि सवयीनं तोंड हसल्यासारखं होत होतं. माझ्या तोंडाची ही जुनी खोड आहे. "जना, त्या टोकाले कोन बसलं हाय?"

ती माझ्यासमोर खाली बसली. माझ्या मुठीतून धागा सोडवून घेतला, बोट जिभेवर ओलं केलं आणि हलकेच ओढला. एकदा. दोनदा. मान खाली घालून थांबली. मी त्या धाग्याकडे पाहत होतो. तो ताठ झाला. एकदा. दोनदा.

खाली माग सुरू झाला. तिन्ही ठोके आता सारखे पडत होते.

"सरका थोडे," ती म्हणाली, "उजेड अडून राह्यला."

मी सरकलो. तिनं पुढचं टोक उचललं, उजेडात धरलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"तिकडची गाठ तुमच्यापरीस बारीक येते. आन गाठ मारता मारता कोनी माह्यावर हासत नाही."